शाळेची वाट आणि शाळेचं फाटक: नाशिकच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या शाळेच्या परिवहन समितीवर मी पालक म्हणून सहा वर्षं काम करते आहे. दर जूनमध्ये नवे पालक भेटतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं.

आधी एक प्रसंग सांगते, कारण पुढची बहुतेक उत्तरं त्यातून आली आहेत. माझी मुलगी दुसरीत होती. जुलैतल्या एका धो-धो पावसाच्या दिवशी शाळा दीड तास आधी सोडली. निरोप ग्रुपवर पडला, पण मी कामावर होते आणि फोन पर्समध्ये. व्हॅनवाल्या काकांना वाटलं आई घेऊन गेली. शाळेला वाटलं व्हॅनने गेली. ती सापडली फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात. तिथल्या काकूंनी तिला आत स्टुलावर बसवलं होतं, दप्तरावर प्लास्टिकची पिशवी चढवली होती आणि हातात पारलेचा पुडा दिला होता. पन्नास मिनिटं ती तिथे होती. त्या दिवशी वाईट माणूस कोणीच नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, पोर दुसऱ्याच्या हातात आहे. तेव्हापासून मी प्रत्येक व्यवस्थेत एवढंच बघते: एका हाताने सोडलं की दुसऱ्या हाताने धरलं का, आणि ते कोणी पाहिलं?

रिक्षा, व्हॅन की शाळेची बस? नेमकं काय निवडावं?

परवडत असेल आणि मार्गावर मिळत असेल तर बस. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत. पिवळा रंग, ठळक अक्षरात ‘स्कूल बस’, वेगमर्यादा बसवणारं यंत्र, अग्निशामक नळकांडं, प्रथमोपचार पेटी, आपत्कालीन दरवाजा आणि सोबत मदतनीस हे सगळं त्यात येतं. नियम कागदावर असले तरी विचारायला पालकाच्या हातात काहीतरी असतं. रिक्षाच्या बाबतीत ते फारसं नसतं.

रिक्षाचा परवाना तीन प्रवाशांचा असतो. सकाळी कॅनडा कॉर्नरला किंवा सिडकोत दहा मिनिटं उभं राहून मोजा. मागे पाच, पुढे आडव्या फळीवर दोन, चालकाच्या मांडीला टेकून एक, आणि दप्तरं बाहेर हुकांना लटकलेली. अशी रिक्षा वळणावर कलते तेव्हा कडेच्या मुलाचा खांदा बाहेर असतो. रिक्षावाले काका मनाने चांगले असतात, मुलांना नावाने ओळखतात, आजारी असलं तर घरी येऊन विचारतात. ही माया खरीच आहे, पण तिने रिक्षा रुंद होत नाही. रिक्षाच परवडत असेल तर चार घरांनी मिळून मुलं कमी ठेवायची आणि फरकाचे पैसे वाटून द्यायचे, हे काकांशी मोकळेपणाने बोला. आमच्या गल्लीत असंच केलं. काकांना उलट बरं वाटलं, कारण एवढी मुलं कोंबण्याची हौस त्यांनाही नव्हती.

व्हॅनच्या बाबतीत एक गोष्ट स्वतः वाकून बघा: मागच्या बाकाखाली काय आहे. गॅसवर चालणाऱ्या जुन्या व्हॅनमध्ये टाकी तिथेच असते आणि त्यावर फळी टाकून मुलं बसवलेली असतात. सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी व्हावी लागते. टाकीसोबतच्या पट्टीवर तारीख असते, ती वाचा. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरवर गाडी चालवणारा कोणी आढळला तर त्याच दिवशी मूल काढा, महिन्याचे पैसे बुडाले तरी चालतील.

गाडीची कागदपत्रं मी कशी बघणार? विचारलं तर चालकाला अपमान वाटेल.

विचारायचीही गरज नाही. गाडीचा नंबर ‘एम-परिवहन’ ॲपमध्ये टाकला की फिटनेस, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे ते दिसतं. मुदत संपलेली दिसली तर आधी चालकाशी बोला, मग शाळेशी. आठवडाभरात काही झालं नाही तर पेठ रोडवरच्या आरटीओ कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार हवेत जाते.

चालकाचं लायसन्स मात्र प्रत्यक्ष बघा. गाडी एकाच्या नावावर आणि चालवणारा त्याचा भाचा, हे आपल्याकडे सर्रास होतं. रोजचा चालक रजेवर असेल तर बदली कोण येणार, हे आधी कळवायला सांगा. अनोळखी माणूस गाडी घेऊन दारात आला आणि काही निरोप नसेल, तर मूल देऊ नका.

परिवहन समिती म्हणजे काय? ती सगळ्या शाळांत असते का?

असायला हवी. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. पालकांचे प्रतिनिधी, वाहतूक पोलीस आणि आरटीओचे अधिकारीही तिच्यावर असतात. तिमाहीला एक बैठक अपेक्षित आहे. बऱ्याच शाळांत ती फाइलमध्ये असते. पहिल्याच पालक सभेत शांतपणे विचारा, "गेली बैठक कधी झाली? इतिवृत्त बघायला मिळेल का?" भांडायची गरज पडत नाही. दोन पालकांनी मिळून विचारलं की पुढच्या महिन्यात बैठक लागते, हा माझा अनुभव आहे.

शाळा नाराज होईल, मुलाला त्रास होईल, ही भीती मी समजू शकते. म्हणूनच एकट्याने विचारू नका.

बसमध्ये बाई असायलाच हवी का?

मुली असलेल्या बसमध्ये महिला मदतनीस हवीच, आणि ती शेवटच्या मुलापर्यंत हवी. दोनतीन मुलं उरली की मावशी त्यांच्या घराजवळ उतरून जातात, असं बऱ्याच मार्गांवर चालतं. शेवटची दोन मुलं बहुधा सगळ्यात लांबची आणि कधी सगळ्यात लहान असतात. तुमचं मूल शेवटी उतरत असेल तर हा प्रश्न तुम्हीच उचलायचा आहे, बाकीच्यांना तो दिसणारच नाही.

मदतनीस ताईंचं आणखी एक काम असतं. गाडी रिकामी झाली की मागच्या बाकापर्यंत चालत जाऊन प्रत्येक सीटखाली बघायचं. सकाळी अर्धवट झोपेत चढलेलं बालवाडीतलं मूल बाकावर आडवं होतं आणि उंच पाठीमुळे दिसत नाही. एप्रिलच्या उन्हात बंद गाडी काही मिनिटांत तापते. आमच्या बसगाड्यांत आम्ही मागच्या काचेला एक पाटी अडकवली आहे: ‘गाडी तपासली’. ताईंनी ती मागे जाऊन काढायची आणि पुढे आणून लावायची. पाटी पुढे आल्याशिवाय चालक गाडीला कुलूप लावत नाही.

उतरताना काय शिकवावं?

हे घरी, अंगणात शिकवा. त्याआधी एकदा बंद उभ्या बसच्या बॉनेटपुढे मूल उभं करा आणि तुम्ही चालकाच्या जागी बसा. पाच-सहा वर्षांचं मूल दिसतच नाही. पाण्याची बाटली पडते, ती चाकाकडे घरंगळते, मूल वाकतं, आणि आपल्याच बसखाली येतं. असे अपघात ज्या मुलांचे होतात त्यांना घर समोर दिसत असतं.

म्हणून नियम एकच: उतरलं की बसपासून लांब व्हायचं आणि काकांचा चेहरा दिसेल एवढं पुढे जायचं. चेहरा दिसला तरच काकांना आपण दिसतो. काही पडलं तर पडू द्यायचं. बाटलीसाठी रागावणार नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. रागाच्या भीतीनेच मुलं वाकतात. रस्त्याच्या पलीकडे घर असेल तर बस निघून जाईपर्यंत ओलांडायचं नाही, आणि घ्यायला येणाऱ्यानेच रस्ता ओलांडून मुलाकडे जायचं. पलीकडून "ये ये" म्हणून हात करायचा नाही. आजी-आजोबांना हे जरा समजावून सांगा. माया असते, पण मूल त्या हाताकडे बघत धावतं, गाडीकडे बघत नाही.

शाळेची वेळ बदलल्यापासून आमची पंचाईत झाली आहे. काय करावं?

राज्यात चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरतात. मुलांच्या झोपेसाठी हे चांगलंच आहे. पण सातपूर-अंबडच्या कंपन्यांत पहिल्या पाळीला जाणारे आई-बाबा सातच्या आत घराबाहेर पडतात आणि मधले दोन तास मूल घरात एकटं किंवा मोठ्या भावंडावर सोडलेलं असतं. हीच ती दोन हातांच्या मधली जागा.

शेजारची एखादी काकू, आजी, बचत गटातली ओळखीची बाई यांच्याशी ठरवून थोडे पैसे देऊन व्यवस्था करा. उपकार म्हणून केलेली व्यवस्था आठवड्यात ढिली पडते. शिवाय सकाळी मूल वर्गात पोचलं नाही तर पहिल्या तासातच फोन यावा, अशी मागणी शाळेकडे करा. संध्याकाळी कळण्यात अर्थ नाही.

मूल एकटं चालत किंवा सायकलवर कधीपासून पाठवावं?

वयाचा आकडा सांगत नाही, रस्ता बघा. साधारण दहा वर्षांखालच्या मुलांना येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा मेळ नीट लावता येत नाही. ती गाडी लांब आहे एवढं बघतात, किती जोरात येते आहे ते हेरत नाहीत. त्यामुळे कॉलनीतल्या आतल्या रस्त्याने तिसरीतलं मूल दोन मित्रांसोबत जाऊ शकेल, पण द्वारका, मुंबई नाका किंवा औरंगाबाद नाक्याचा रस्ता सातवीतल्यानेही मोठ्यांशिवाय ओलांडू नये. गंगापूर रोडला शाळा सुटताना दुतर्फा चारचाकी लागतात. त्यांच्या मधून अचानक बाहेर येणारं मूल दुचाकीवाल्याला दिसत नाही.

परीक्षा अशी घ्या. आठवडाभर तुम्ही मुलाचा हात धरून जा. दुसऱ्या आठवड्यात मूल पुढे, तुम्ही चार पावलं मागे, न बोलता. तिसऱ्या आठवड्यात त्याला सांगा, "आज तू मला शाळेत ने." ते कुठे थांबतं, कुठे धावतं, कुठे मित्र दिसला की सगळं विसरतं, ते कळतं.

सध्या सिंहस्थाची कामं चालू आहेत. काल होता तो फुटपाथ आज खणलेला असतो, वळण बदललेलं असतं. पायी जाणाऱ्या मुलाबरोबर पंधरा दिवसांनी एकदा तोच रस्ता पुन्हा चाला. उघडा खड्डा, झाकण नसलेलं चेंबर, लोंबकळणारी वायर दिसली तर फोटो काढून महापालिकेकडे तक्रार करा आणि त्याच दिवशी शाळेच्या ग्रुपवर टाका. दुरुस्ती होईल तेव्हा होईल, उद्या सकाळी जाणाऱ्या मुलांना तरी कळेल.

वाहतुकीचे नियम खेळत शिकवायचे असतील तर मुंबई नाक्याजवळ ‘नाशिक फर्स्ट’चं वाहतूक शिक्षण उद्यान आहे. शाळेने एकदा सहल न्यावी अशी विनंती करा.

स्कूटरवर पुढे उभं करून नेलं तर चालतं का? दोनच मिनिटांचा रस्ता आहे.

नाही. ब्रेक लागला की मुलाची छाती आणि हनुवटी हॅंडलवर आदळते, आणि मागून तुमचं वजन येतं. कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेट आणि अंगाला बांधायचा पट्टा लागतो, आणि गाडी ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायची नाही. मोठ्याचं हेल्मेट लहानाच्या डोक्यावर घालू नका, ते फिरतं आणि डोळ्यांवर येतं.

डिसेंबर-जानेवारीत तर पुढे उभं करूच नका. आपल्या जिल्ह्यात पतंगाचं वेड मोठं आहे. नायलॉन मांजावर बंदी असली तरी तो चोरून विकला जातो. रस्त्यावर आडवा ताणलेला मांजा दिसत नाही, आणि पुढे उभ्या असलेल्या मुलाचा गळा त्याच्यासमोर सगळ्यात आधी येतो. संक्रांतीच्या महिन्यात मुलांच्या गळ्याला जाड मफलर बांधा. उकडलं तरी बांधा. आणि घरात मांजा येत असेल तर तो कुठला, हेही बघा.

नववीतला मुलगा क्लाससाठी गाडी मागतो.

देऊ नका. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा गाडीमालक जबाबदार धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. सोळाव्या वर्षी मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं. कॉलेज रोडवर क्लास सुटल्यावर जे दिसतं त्यातल्या बहुतेक गाड्या त्यात बसत नाहीत. सायकल द्या, नाहीतर सिटीलिंक या शहर बसचा पास काढून द्या.

पावसात शाळा अचानक सोडली तर?

नाशिकला जुलै-ऑगस्टमध्ये हे होणारच. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाकाठ भरतो. "दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं" अशी बातमी आली की जुन्या नाशिकमधले आणि पंचवटीतले पालक आपोआप सावध होतात. अशा दिवशी रिक्षा आणि व्हॅन वाट बदलतात आणि वेळ चुकते.

जूनमध्येच शाळेकडून लेखी घ्या की शाळा आधी सोडली तर मूल कोणाच्या हातात देणार आणि तोपर्यंत कुठे बसवणार. ग्रुपवरचा निरोप पुरेसा नाही, बालवाडी ते चौथीपर्यंत फोनच हवा, आणि पहिला फोन लागला नाही तर दुसरा कोणाला करायचा हेही ठरलेलं हवं. माझ्या मुलीच्या प्रसंगानंतर आम्ही फाटकावर एक वही ठेवली. मूल कोण घेऊन गेलं, किती वाजता, सही. पहिले काही दिवस पालक कुरकुरले, आता पेन नसलं तर तेच मागतात.

मोठ्या मुलांना घाटावर पूर बघायला जायचं नाही, हे स्पष्ट सांगा. सोमेश्वरच्या धबधब्याकडे आणि धरणाकडे शाळा बुडवून जाणारी मुलं दरवर्षी असतात. पोहता येणाऱ्यालाही खडकांमधली ओढ आवरत नाही.

आमच्या भागात बिबट्या फिरतो. मुलं पायी शाळेत जातात.

मखमलाबाद, गंगापूर गाव, जय भवानी रोड, दारणाकाठची गावं, सिन्नर-निफाड-दिंडोरीचे ऊसपट्टे: या भागांत हा प्रश्न खरा आहे आणि त्याची टवाळी करू नये. मुलांना एकटं पाठवू नका, घोळका करून आणि मोठ्याने बोलत जाऊ द्या. पहाटे आणि तिन्हीसांजेला मोठं माणूस सोबत हवंच. वाटेत उसाच्या कडेला खाली बसायचं नाही, लघवीलाही नाही. बसलेलं किंवा वाकलेलं मूल बिबट्याला कुत्र्या-शेळीएवढं दिसतं. समोर आलाच तर पळायचं नाही, पाठ करायची नाही, हात वर करून ओरडत मागे सरायचं. बिबट्या दिसल्याचं कळलं तर वनखात्याला १९२६ वर फोन करा. मोबाईल घेऊन बघायला गर्दी केली की घाबरलेलं जनावर माणसावर येतं.

गावातून तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. गाडीची वेळ शाळेशी जुळत नसेल तर ग्रामपंचायतीचा ठराव करून आगाराकडे द्या. अंधारात थांब्यावर उभ्या राहणाऱ्या मुलींसाठी ही अर्ध्या तासाची दुरुस्ती फार मोठी असते.

शाळेत सीसीटीव्ही आहेत. मग काळजी कशाची?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली लहान मुलींवरच्या अत्याचाराची घटना समोर आल्यावर सरकारने सगळ्या शाळांना महिन्याभरात कॅमेरे बसवायला सांगितलं. त्याच निर्णयात कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि तक्रारपेटी यांवरही जोर होता, पण पालक सभेत सगळे कॅमेऱ्यांचंच विचारतात. कॅमेरा स्वच्छतागृहात नसतो आणि नसायलाच हवा. तिथल्या वाटेवर कोण उभं असतं, लहान मुलींसोबत मावशीच जातात का, मुलांचं आणि मोठ्यांचं स्वच्छतागृह वेगळं आहे का, हे प्रश्न कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा महत्त्वाचे आहेत.

पडताळणीबद्दल विचारताना ‘कर्मचारी’ म्हणजे कोण, तेही विचारा. सफाई, सुरक्षा, बस, कॅन्टीन ही कामं बहुतेक ठिकाणी ठेकेदाराची माणसं करतात आणि ती दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात. रंगकाम, वायरिंगसाठी आलेली माणसं मधल्या सुट्टीत आवारात असतात का? शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची ‘सखी सावित्री समिती’ असायला हवी, २०२२ पासून तसा शासन निर्णय आहे. तिच्या सदस्यांची नावं फलकावर आहेत का, ते बघा. तक्रारपेटी मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर आणि कोणाच्या केबिनसमोर नाही अशा जागी हवी. आमची पेटी मुख्याध्यापकांच्या दाराबाहेर होती, वर्षभर रिकामी. वाचनालयाच्या कोपऱ्यात हलवली आणि पहिल्याच आठवड्यात चार चिठ्ठ्या निघाल्या. त्यातली एक व्हॅनमध्ये मोठी मुलं डबा हिसकावतात याची होती, पेन्सिलीने लिहिलेली, नाव खोडून पुन्हा लिहिलेलं.

मुलांशी स्पर्शाबद्दल कधी आणि कसं बोलावं?

अडीच-तीन वर्षांपासून, आंघोळ घालताना. शरीराच्या प्रत्येक भागाला नाव द्या आणि ते नाव घेताना आवाज खाली आणू नका. आपला आवाज खाली गेला की मुलाला कळतं, हे बोलायचं नसतं. चड्डीने झाकलेले भाग आपले, ते आई-बाबा स्वच्छतेसाठी किंवा डॉक्टर आईसमोर तपासायला सोडून कोणी बघायचे नाहीत, हात लावायचा नाही, आणि आपणही दुसऱ्याचे बघायचे नाहीत. एवढं वाक्य पुष्कळ आहे.

‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ असं शिकवताना एक अडचण येते. गोंजारणारा स्पर्श वाईट वाटत नाही, आणि फसवणारा माणूस आधी गोंजारतोच. म्हणून मी गुपिताबद्दल जास्त बोलते. "आईला सांगू नकोस" असं मोठं माणूस म्हणालं की ते लगेच आईला सांगायचं, मग ते चॉकलेटबद्दल असो की कशाबद्दलही. पाहुणे आले की "काकांना पापी दे" म्हणून मुलाला पुढे ढकलू नका. ते नको म्हणालं तर नमस्कार पुरे. घरात ‘नको’ म्हणता आलं तर बाहेर म्हणता येतं.

हे मुलग्यांनाही शिकवा. मुलग्यांवर अत्याचार होतात, आणि "मुलगा असून रडतोस?" ऐकत वाढलेला मुलगा ते शेवटपर्यंत सांगत नाही.

मुलाने असं काही सांगितलं तर मी काय करू?

पहिल्यांदा खाली बसा, त्याच्या उंचीला या. ओरडू नका, रडू आवरा, "तेव्हाच का नाही सांगितलंस?" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही," एवढं म्हणा. खोदून खोदून विचारू नका आणि पुन्हा पुन्हा सगळ्या नातेवाइकांसमोर सांगायला लावू नका. मूल जे म्हणालं ते त्याच्याच शब्दांत तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. कपडे धुऊ नका, कागदाच्या पिशवीत ठेवा.

मग १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर किंवा ११२ वर फोन करा, किंवा थेट पोलीस ठाण्यात जा. हद्द कोणतीही असो, तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. २०१२ चा पॉक्सो कायदा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, अठरा वर्षांखालच्या मुलग्यांना आणि मुलींना सारखाच लागू आहे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते, आणि तातडीचे उपचार कोणतंही रुग्णालय आधी कागद मागून अडवू शकत नाही. मुलाचं नाव, शाळा, फोटो कुठेही छापता येत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर कळकळीने टाकलेली पोस्टसुद्धा त्यात येते, तेवढं शेजाऱ्यांना बजावा.

शाळा म्हणेल, "आधी आम्ही चौकशी करतो, शाळेच्या नावाचा प्रश्न आहे." ऐकू नका. गुन्ह्याची माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच या कायद्याने गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. ज्या शिक्षिकेला मुलाने सांगितलं तिलाही हे लागू आहे. त्या शिक्षिकेच्या मागे उभे राहा, शाळेत ती एकटी पडू शकते.

शिक्षकांनी मारलं, वर्गाबाहेर उन्हात उभं केलं तर?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. "आम्हीही मार खाऊनच शिकलो" हे वाक्य पालकांकडूनच जास्त ऐकू येतं. मार खाणारं मूल शाळेतल्या मोठ्यांपासून लांब राहायला शिकतं, आणि खरंच गरज पडते तेव्हाही त्यांच्याकडे जात नाही. आधी शिक्षकांशी, मग मुख्याध्यापकांशी बोला, मग शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्या.

मुलाला मोबाईल किंवा ट्रॅकर द्यावा का?

ट्रॅकरने मूल कुठे आहे ते कळतं, कोणासोबत आहे ते नाही. द्यायचा तर द्या, पण वही आणि माणूस त्याच्यामुळे सोडू नका. पहिल्या दिवशीचा गणवेशातला फोटो, ओळखपत्र दिसेल असा, सगळ्यांना दिसेल असा टाकू नका. नाव, वर्ग, शाळा एका चित्रात मिळते.

अनोळखी माणूस "आईने पाठवलं" म्हणाला तर मुलाने काय करावं?

घरातला एक परवलीचा शब्द ठरवा. आमच्याकडे एका भाजीचं नाव होतं, जे माझ्या मुलीला अजिबात आवडत नाही. शब्द सांगता आला नाही तर मागे वळून शाळेत जायचं आणि मावशींना सांगायचं. शब्द एकदा वापरला की बदलायचा. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाकडे घेऊन जाणाऱ्या माणसांचे फोटो असलेलं कार्ड द्या. घरात ताबा-पोटगीचा वाद चालू असेल तर ते मुख्याध्यापकांना खाजगीत, लेखी सांगा. लाज वाटू देऊ नका, शाळेला माहीत नसेल तर ती अडवू शकत नाही.

अपघात झालाच तर मुलाजवळ काय असावं?

दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक कागद: मुलाचं नाव, रक्तगट, ॲलर्जी, दोन मोठ्यांचे नंबर. बाहेरच्या बाजूला नाव लिहू नका, कोणीही नावाने हाक मारतं आणि मूल ओळखीचं समजून जातं. रुग्णवाहिकेचा नंबर १०८. रस्त्यावर जखमी मुलाला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस साक्षीदार होण्याची सक्ती करू शकत नाहीत, त्यामुळे दुसऱ्याचं मूल पडलेलं दिसलं तर घाबरून पुढे जाऊ नका. आणि तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घाला. माझ्या मुलीच्या दप्तरातला कागद त्या जुलैत भिजून लगदा झाला होता, झेरॉक्सवाल्या काकूंना त्यावरचा नंबर वाचता आला नव्हता. आता तिच्या दप्तरात त्यांनीच लॅमिनेट करून दिलेला कागद असतो.